थुंकीत कॅन्सर दिसतो का? सोनं, प्रकाश आणि आमच्या काकांचं तोंड

कुळागरकन्या (धागाकर्ती)

चवथीला गोव्यात सावईवेऱ्याला घरी गेले होते. आरती झाली, नेवऱ्यांचा डबा फिरला, आणि माटोळीखाली बसल्या बसल्या चुलतभावाने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत एक बाई काचेच्या पट्टीवर थेंब सोडते, हिरवा दिवा लागतो, खाली अक्षरं: ‘एक थेंब लाळ, दहा मिनिटं, कॅन्सरचं निदान’. काकांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारली आणि म्हणाले, “मागीर दोतोराक कित्याक दाखोवप? ती पट्टी हाड.” (मग डॉक्टरला कशाला दाखवायचं? ती पट्टी आण.)

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण पानावरचं खतखतं त्यांनी दही कालवून खाल्लं होतं. तिखट लागलं की तोंडात आग होते म्हणतात. वर्ष झालं असेल.

आता मी कोण सांगणारी? फिजिक्स शिकवते. त्याआधी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत (नाव नको) नेमक्या असल्याच प्रकल्पावर मदतनीस होते. लाळेतलं एक प्रथिन प्रकाशाने पकडायचं, हे काम. त्यामुळे व्हिडिओ सरसकट खोटा आहे असं मला म्हणता येत नाही, आणि तसंच्या तसं खरं मानणंही जमत नाही. मध्ये जे काही आहे ते लिहून काढते.

आमच्या यंत्रात काचेचा लोलक होता, त्यावर सोन्याचा ५० नॅनोमीटर जाडीचा थर. काचेच्या बाजूने लाल लेसर मारायचा. एरवी तो आरशावरून यावा तसा परत येतो. पण एका ठरावीक कोनात प्रकाशाची ऊर्जा सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन घेतात आणि लाटेसारखे हलू लागतात. परत येणाऱ्या प्रकाशात तिथे काळी रेघ दिसते. ही रचना १९६८ सालची, क्रेचमन यांची. त्याच साली ओटो यांनीही थोड्या वेगळ्या मांडणीने तेच दाखवलं. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तिचा वापर प्रथिनं ओळखायला केला आणि १९९० मध्ये तसलं यंत्र बाजारात आलं.

गंमत अशी की ही लाट सोन्याच्या पलीकडे फार तर दोन-तीनशे नॅनोमीटर डोकावते. शेजारच्या घरी सुंगटांचं हुमण शिजत असेल तर वास आपल्या अंगणापर्यंत येतो, वाड्याच्या टोकाला पोचत नाही, तसं. म्हणजे भांड्यात काय तरंगतंय त्याचं यंत्राला काही नाही. पृष्ठभागाला काय चिकटलं तेवढंच कळतं. सोन्यावर आधी अँटिबॉडी बसवून ठेवायची, तिचं ठरलेलं प्रथिन आलं की ती धरते, पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) किंचित बदलतो आणि काळी रेघ अंशाच्या शतांशाने सरकते. ते सरकणं मोजायचं. रंग नको, सुई नको, आणि बांधणी होताना डोळ्यांसमोर आलेख चढताना दिसतो.

पहिल्यांदा तो आलेख चढताना बघितला तेव्हा मी घरी फोन केला होता. खरंच.

आणि मग आम्ही नळीतल्या शुद्ध प्रथिनाऐवजी माणसाची थुंकी घातली.

(पुढचं प्रतिसादात लिहिते. शाळेची घंटा झाली.)

शेटबाब, म्हापसा

ताई, आमच्या तीन पिढ्या सोनारकीत गेल्या. ५० नॅनोमीटर म्हणजे किती सोनं हो? वर्ख त्याच्यापुढे गोधडी वाटेल. आणि एक विचारायचं होतं. मुलगा म्हणतो सोन्याचे कण लाल असतात. पिवळं सोनं बघितलं, तांबूस बघितलं, पांढरं केलेलं बघितलं. लाल नाही बघितलं.

कुळागरकन्या

शेटबाब, मुलगा बरोबर सांगतोय. कण वीसेक नॅनोमीटरचे झाले की त्यांचे इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाशी ताल धरतात, तो गिळतात, आणि पाणी माणकासारखं लाल दिसतं. फॅरेडेंनी १८५७ मध्ये असं लाल सोनं करून त्यावर निबंध वाचला होता. तेच कण एकमेकांना चिकटले की पाणी जांभळं-निळं होतं. बऱ्याच चाचण्या या रंगबदलावरच चालतात.

आणि तुम्ही हे लाल सोनं बघितलंय. फार्मसीत मिळणाऱ्या गरोदरपणाच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांचीच असते. म्हणजे लघवीतून निदान करणारा, प्रकाशावर चालणारा संवेदक म्हापशाच्या प्रत्येक फार्मसीत आधीपासूनच टांगलेला आहे. मोजणारं यंत्र म्हणजे आपला डोळा. त्यातली आणखी एक गोष्ट: ही पट्टी जे एचसीजी संप्रेरक पकडते ते वृषणाच्या काही प्रकारच्या कॅन्सरमध्येही तयार होतं. म्हणजे तसा रोग असलेल्या पुरुषाची पट्टी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. काहीच प्रकारांत, बरं का. उगाच कुणी पट्टी घेऊन बसू नका. रेघ उमटली नाही म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही.

शेटबाब, म्हापसा

हिशेब केला. एक सेंटिमीटर लांब, एक रुंद, ५० नॅनोमीटर जाड: सोनं येतं एक दशांश मिलिग्रामच्या आत. ९६ गुंजांचा तोळा धरला तर एका गुंजेत बाराशेवर पट्ट्या! आमच्या फुंकणीने याहून जास्त घट होते. मग हे यंत्र महाग का, ते सांगा. सोन्यामुळे तर नाही.

बार्जवाला

मी सायन्सवाला नाही. जुवारीकाठी बार्ज दुरुस्तीच्या यार्डात अठरा वर्षं काढली. ताईंनी ‘चिकटलं तेवढंच कळतं’ लिहिलं तिथे माझ्या मनात आलं, नको ते चिकटलं तर?

बार्ज पाण्यात घातली की पहिल्याच दिवशी तळाला बुळबुळीत थर धरतो. त्यावर शेवाळ, त्यावर कालवं. सहा महिन्यांनी वर काढली की तळ दिसत नाही, नुसतं खरवडत बसायचं. पूर्वी टिनवाला रंग होता, त्याला काही धरत नसे, पण त्याने समुद्रातली शिंपली मरायला लागली म्हणून २००८ पासून जगभर बंदी. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतले लोकसुद्धा या चिकटण्यावर अभ्यास करतात. तुमच्या सोन्याला काय रंग लावता?

कुळागरकन्या

बार्जवाले दादा, मी दोन परिच्छेद खर्चून जे सांगणार होते ते तुम्ही खरवडूनच काढलंत. आमच्या धंद्यातही त्याला फाउलिंगच म्हणतात.

थुंकी म्हणजे ९९ टक्के पाणी, हे पुस्तकात. उरलेल्या एका टक्क्यात म्युसिन नावाची चिकट, लांबलचक प्रथिनं, पचनाची विकरं, जंतू, गालाच्या सुटलेल्या पेशी आणि सकाळची भाजी. दात घासून चूळ भरलीत तरी काही मिनिटांत दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा पुन्हा बसतो. सोन्याचंही तेच होतं. जे पकडायचं ते नॅनोग्राममध्ये किंवा त्याच्याही खाली, आणि आजूबाजूला बाजार भरलेला.

रक्ताचं उदाहरण घेते, आकडे सोपे आहेत. प्रोस्टेटसाठी तपासतात ते पीएसए, त्याची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ४ नॅनोग्राम. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन असतं साधारण ४० मिलिग्राम. वजनाने एक कोटी पट. जत्रेच्या गर्दीत एक माणूस शोधायचा, तोही सगळे एकमेकांना रेटत असताना.

सोन्यावर आम्ही पीईजी नावाच्या पॉलिमरचं गवत लावायचो, त्यात पाणी धरून राहतं आणि प्रथिनं घसरतात. शिवाय शेजारी एक ठिपका अँटिबॉडीविना ठेवायचा. दोन्ही ठिपक्यांवर जे समान चढतं ते वजा करायचं. शेटबाब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पैसा जातो अँटिबॉडीत, या गवतात, आणि अर्ध्या अंशाने तापमान हललं तरी आलेख भरकटू नये म्हणून केलेल्या बंदोबस्तात.

आमची फजिती सांगते. ही वजाबाकी सुरू करायच्या आधी सहा आठवडे आमचे आलेख देखणे येत होते. एका संध्याकाळी नवा मुलगा सोन्यावर अँटिबॉडी लावायचीच विसरला. आलेख तसाच देखणा चढला! सहा आठवडे आम्ही म्युसिन मोजत होतो.

दुरुस्ती करून पुन्हा सुरू केलं. इंटरल्युकिन-८ हे आमचं सावज. अमेरिकेतल्या युसीएलए विद्यापीठाच्या गटाने २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत ते वाढलेलं दाखवलं होतं. या वेळी यंत्र खरंच तेच पकडत होतं, आम्ही दुसऱ्या पद्धतीने ताडून बघितलं. आणि सगळ्यात मोठा आकडा कुणाचा आला? आमच्याच प्रयोगशाळेतल्या बावीस वर्षांच्या धडधाकट पोराचा. हिरड्यांतून रक्त यायचं त्याच्या. हे प्रथिन सुजेचं आहे, कॅन्सरचं खास नाही. हिरडी सुजली तरी वाढतं.

तिस्कावयली

अवांतर: १९९७ साली गोव्यात थुंकण्याविरुद्ध कायदा झाला. आता हीच माणसं म्हणतात थुंका, आणि मोजून थुंका. 😄

कुळागरकन्या

मोजूनच! दोन मिलिलिटर. ऐकायला काही नाही, पण तोंड वाकवून नळीत नुसती ओघळू द्यायची, खाकरायचं नाही. एका आजींना पंधरा मिनिटं लागली. मदत म्हणून शेजारची बाई म्हणाली, “बिमलां आठव गो.” (बिमलां म्हणजे आंबट फळं.) आजींच्या तोंडाला धो धो पाणी सुटलं आणि तो नमुना आम्हाला टाकून द्यावा लागला, कारण आंबटाच्या आठवणीने सुटलेली लाळ पातळ असते, तिच्यातलं सगळं प्रमाण वेगळं. त्याआधी तासभर खायचं नाही, दात घासायचे नाहीत, नमुना लगेच बर्फात, नाहीतर लाळेतली विकरंच आपलं प्रथिन खाऊन टाकतात. व्हिडिओतल्या बाईने यातलं काही केलेलं दिसलं नाही.

लघवीचं दुखणं निराळं. सकाळपासून पाणी किती प्यालात त्यावर घट्ट की पातळ ठरतं, म्हणून क्रिएटिनिनच्या (शरीर लघवीतून रोज बाहेर टाकतं तो एक पदार्थ) तुलनेत आकडा बसवावा लागतो.

रात्रपाळी_बांबोळी

लॅब टेक्निशियन आहे, त्यामुळे माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. यंत्रं सुधारतील. आकडा आल्यावर माणसाचं काय होतं ते बघा.

माझ्या मावसबहिणीने एका खाजगी लॅबचं सणाचं पॅकेज घेतलं. त्यात सीए-१२५ (रक्तातल्या एका प्रथिनाची चाचणी) फुकट. आकडा ३५ च्या खाली हवा, तिचा आला ९०. रविवार होता, समजावणारं कुणी नाही. तिने इंटरनेटवर बीजांडकोशाचा कॅन्सर वाचला आणि रात्रभर मुलींना जवळ घेऊन बसली. पुढे सोनोग्राफी, एमआरआय, शेवटी निघालं एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा आजार, कॅन्सर नव्हे. पाळी, गरोदरपण, पोटातला टीबी, कशानेही हा आकडा चढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली, काहींची दरवर्षी सीए-१२५ बघून तपासणी. २०२१ चा निष्कर्ष: त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि ते मोजमाप चांगल्या यंत्रावरचं होतं! संवेदक आणखी हजारपट बारीक केलात तरी सीए-१२५ ते सीए-१२५च.

गणितमास्तर_डिचोली

फळ्यावर मांडतो. दहा हजार माणसं, त्यांतल्या दहाजणांना रोग. पट्टी ९५ टक्के आजारी ओळखते आणि ९५ टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. जाहिरातीत ‘९५ टक्के अचूक’ लिहायला हरकत नाही. आजारी दहांतले नऊ-दहा सापडले. निरोगी ९,९९० पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे पाचशे, उगाच पकडले. पट्टी पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे चौपन्नांत खरा आजारी एक.

पेडणेंकार

मास्तर, गणित पटलं, पण तो एक वाचला ना? पन्नासजणांनी एक फेरी मारली तर काय बिघडलं? तुम्ही सगळे पणजी-फोंड्याच्या टप्प्यातले. आमच्याकडच्या म्हातारीला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचं तर दोन कदंबा बस बदलायच्या, आणि सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. तिच्यासाठी गावच्या आरोग्य केंद्रात पट्टी आली तर तुम्हाला का खुपतं? प्रत्येक नव्या गोष्टीत खोट काढायची सवय झालीय.

रात्रपाळी_बांबोळी

दादा, त्या पन्नासजणांच्याही दोन कदंबा आणि बुडालेला रोज धरा. आणि बायोप्सी म्हणजे चिमटा काढून सोडणं नव्हे.

गणितमास्तर_डिचोली

पेडणेंकारांचं सगळंच चूक नाही. तीच पट्टी, माणसं बदलतो. तोंडात आधीच पांढरा चट्टा असलेले हजारजण घ्या, आणि धरून चला की त्यांतल्या शंभरांना रोग आहे. आता सापडतात ९५, आणि उगाच पकडले जातात ४५. तीनांत दोन खरे. पट्टी कुणासमोर धरली, त्यावर तिची किंमत ठरते.

कुळागरकन्या

मास्तर, हे मी आमच्या प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पेडणेंकार, मला खुपत नाही हो. ऑपरेशन झालेल्या माणसाचा रोग परत डोकावतोय का, हे त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघायला असली पट्टी मला उद्या हवी आहे. चट्टा असलेल्यांत आधी कुणाला पाठवायचं हे ठरवायलाही. निरोगी माणसाला ‘तुला नाही, जा’ असं सांगायला मात्र नको.

एकाच प्रथिनावर विसंबू नये म्हणून दुसरी वाट आहे, रामन वर्णपटाची. १९२८ मध्ये रामन यांना सापडलेला परिणाम: पदार्थावर प्रकाश टाकला की प्रकाशाच्या कोट्यवधी कणांत एखादाच रंग बदलून परततो आणि त्या रंगात रेणूची ओळख असते. खरखरीत चांदी-सोन्याच्या पृष्ठभागावर हा मंद उजेड कितीतरी पटींनी वाढतो, हे १९७४ मध्ये साउदम्प्टनला दिसलं. इथे एकच खूण शोधत नाही, अख्ख्या लाळेचा ठसा घेतो. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर रामनने बरंच काम झालं आहे. अडचण ठसे वाचण्यात: तंबाखू, कात, चुना यांचाही ठसा असतोच, आणि शिकवलेल्या संगणकाने कॅन्सरऐवजी ‘हा पान खातो’ एवढंच ओळखलं तर?

नवा_भिडू

थेरानोस ही अमेरिकन कंपनी आठवली. थेंबभर रक्तात सगळं काही. २०२२ मध्ये तिच्या संस्थापक बाईंना शिक्षा.

कुळागरकन्या

तिथे फसवणूक होती. इथले बहुतेक लोक प्रामाणिक आहेत. फक्त पाण्यात मिसळलेल्या शुद्ध प्रथिनावरचा आकडा आणि आमच्या काकांच्या थुंकीवरचा आकडा, यांतलं अंतर बातमीत येत नाही.

शेटबाब, म्हापसा

काकांचं काय झालं ते सांगा. सगळ्यांनी सोन्याचं बघितलं, त्यांचं राहिलंच.

कुळागरकन्या

हो. काल परत गेले होते.

त्याआधी एक सांगते. त्रिवेंद्रम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर गेले, त्यांनी उजेडात लोकांची तोंडं उघडून बघितली. डॉक्टर नव्हते ते. निकाल २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. लाळेच्या पट्टीची खरी स्पर्धा या टॉर्चशी आहे.

तर मी टॉर्च घेऊन गेले. काका पडवीत सुपारी सोलत होते. आमचं घर या सुपारीवर उभं राहिलं, माझं शिक्षण तिच्यावर झालं, त्यामुळे २००४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कॅन्सरकारक ठरवलं हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मीसुद्धा आजवर बोलले नव्हते. त्यांना म्हटलं, तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला. चेष्टा समजून त्यांनी घातली. दोन गेली. तिसरं नखापर्यंत. पुन्हा जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तिसरं आत गेलं नाही. टॉर्चमध्ये गाल आतून पांढरट, संगमरवरासारखा, आणि डावीकडे, जिथे सुपारी ठेवतात तिथे, करंगळीच्या नखाएवढा लालसर भाग. बोट लावलं तर खरबरीत.

काका म्हणाले, “तुजी पट्टी कितें म्हणटा?” मी सांगितलं, पट्टीची गरजच राहिली नाही. गुरुवारी बांबोळीला दंत महाविद्यालयात घेऊन जातेय. हातातली सुपारी त्यांनी टोपलीत टाकली, मग परत उचलून सोलायला घेतली.

रात्रपाळी_बांबोळी

ताई, सकाळी लवकर या, आठच्या आत नंबर लावा. आधीचे काही कागद असतील तर आणा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठीही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पहिल्यांदा तीच सांगा, बायोप्सीच्या आधी विचारतातच. आणि काकांना नाश्ता करून आणा, रांग मोठी असते. मी रात्रपाळी संपवून बाहेर पडेन तेव्हा तुम्ही पोचलेल्या असाल. मेसेज टाका, भेटते.

पेडणेंकार

कुठून दाखवायचं, केस पेपर कुठे काढायचा, तेही लिहा इथे. आमच्या म्हातारीची बोटं बघतो आज संध्याकाळी.